बॉयलरच्या भिंतीलगतची खोली

मला तिचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मी कुणी फार समजूतदार बाई होते असा गैरसमज व्हायला नको. आता वय झालं, दात गेले, बरीचशी माणसंही गेली. पण तिची आठवण आली की अजून पोटात बारीकसं दुखतंच.

ती म्हणजे भातगिरणीतल्या बॉयलरवाल्याची बायको. जव्हार संस्थान विलीन झालं त्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. आमचे हे संस्थानच्या कोठीत कारकून होते. विलीनीकरणात कुणाला सरकारी नोकरीत सामावून घेतलं, कुणाला नाही. ह्यांना नाही घेतलं. मग मोखाड्याच्या रस्त्याला, गावाबाहेर, एका शेठने वाफेवर चालणारी भातगिरणी घातली, तिथे हे हिशेबनीस म्हणून लागले. संस्थान गेलं, पण संस्थानच्या वेळचा काळा कोट काही गेला नाही. गिरणीतल्या तुसाच्या धुरळ्यात हे रोज तो कोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून बसायचे. त्या कोटाला मी हात लावलेला खपायचा नाही. घडी मोडते म्हणायचे. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते मी रोज डोळ्यांनी पाहत होते.

गिरणीच्या मागच्या अंगाला चार खोल्यांची कौलारू चाळ होती. पहिल्या खोलीची एक भिंत थेट बॉयलरघराची. बॉयलरवाल्याने बॉयलरला सोडून लांब राहू नये, म्हणून ती खोली त्याला मिळाली. मधल्या दोन खोल्यांत पोती, फावडी, सुतळी असलं सामान. शेवटची, रस्त्याकडची, ऑफिसच्या दारापासून जवळ पडणारी खोली आमची. कागदावर आमची खोली मानाची. पण मान थंडीत पांघरता येत नाही.

जव्हारची थंडी ज्याने काढली त्यालाच कळेल. दिवाळीनंतर पठारावर वारा सुटला की भांड्यातलं तेल थिजायचं. माझं दही लागायचं नाही. विरजण लावून भांडं गोधडीत गुंडाळून ठेवावं, तरी सकाळी दूध ते दूधच. आणि तिच्या खोलीची ती भिंत बारा महिने ऊबदार. तिचं दही सुरीने कापावं असं लागायचं. भिंतीच्या कडेला तिने दोरी बांधली होती. माझी लुगडी दुपारपर्यंत ओली लोंबायची, तिची न्याहारीच्या आत वाळून घडी घातलेली असायची. वर ती वाटीभर दही घेऊन माझ्या दारात यायची.

"वयनी, घ्या. आमच्याकडं लय झालंय."

ती खोडाळ्याच्या बाजूची, भाताच्या नि नागलीच्या शेतात वाढलेली मुलगी. मनाने वाईट नव्हती, हीच तर माझी पंचाईत. वाईट असती तर दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. मी दही घ्यायची, वाटी धुऊन त्यात गूळ घालून परत करायची, आणि मनातल्या मनात म्हणायची, तुझ्या दह्यात मीठ पडो.

तिचा नवराही तिकडचाच. लहानपणी मुंबईला पळून गेला, एका कापडगिरणीत बॉयलरला आग घालायच्या कामाला लागला, तिथे शिकून सर्टिफिकीट मिळवलं आणि ते चौकटीत घालून घेऊन आला. काळा, आडव्या अंगाचा, भुवया कायम अर्ध्या जळलेल्या. तो काय करायचा ते सांगते. रोज सकाळी वाफेची बारीक नळी पाण्याच्या बादलीत सोडायचा. बादली गुरगुरायची आणि बघता बघता पाणी कढत व्हायचं. मग ती बादली स्वतःच्या हाताने उचलून, सगळ्या हमालांच्या देखत, भर अंगणातून बायकोच्या न्हाणीत नेऊन ठेवायचा. पुरुषाने बायकोच्या आंघोळीचं पाणी वाहिलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. हमाल हसायचे. त्याला त्याचं काही नव्हतं.

तिच्या न्हाणीचं पाणी आमच्या दारावरून जाणाऱ्या गटारातून नाल्याकडे वाहायचं. रोज सकाळी त्या गटारातून वाफा निघायच्या. मी ओल्या लाकडांशी झटत, फुंकणीने डोळे लाल करून घेत असायची आणि दारासमोरून तिची आंघोळ वाफाळत जायची. आमचे हे पाटावर बसले की पाण्याचा तांब्या हाताशी नसेल तर तांब्या येईपर्यंत नुसते बसून राहायचे. मागायचेसुद्धा नाहीत.

बरं, ह्यांना त्या बॉयलरचं भारी कौतुक. जेवताना दुसरा विषय नाही. बॉयलरवाला दुपारी ऑफिसच्या पायरीवर बसून ह्यांना मुंबईच्या गोष्टी सांगायचा आणि त्या रात्री माझ्या ताटावर वाढल्या जायच्या. कुठल्याशा गिरणीत बॉयलर फुटला तेव्हा त्याचं मागचं झाकण तीन भिंती फोडून रस्त्यापलीकडे जाऊन पडलं. शेजारी भिंतीला टेकून भाकरी खात बसलेला माणूस नंतर सापडलाच नाही, त्याचा डबा सापडला.

"वाफ म्हणजे कोंडलेलं जनावर आहे," हे म्हणायचे. "काट्यावर नजर हवी, झडपेवर हवी, पण सगळ्यांत आधी काचेवर हवी."

काच म्हणजे बॉयलरच्या तोंडाशी उभी बसवलेली नळी. आतलं पाणी किती आहे ते तीत दिसतं. पाणी काचेच्या मध्यावर असलं म्हणजे ठीक. उतरलं की आतला पत्रा आगीवर उघडा पडतो, लाल होतो, मऊ पडतो, आणि मग वाफेचा जोर त्याला सोसत नाही. "पण खरी गंमत पुढेच," हे घास हातात धरून सांगायचे. "पत्रा लाल झाला असताना घाबरून वरून गार पाणी घातलं, की संपलं. तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यावर काय होतं? तेच, पण तवा घराएवढा आणि वरून झाकण गच्च."

मी म्हटलं, "तव्याचं मला नका सांगू. आमटी घेताय का?"

ह्यांनी माझ्याशी इतक्या हौसेने दुसऱ्या कशाविषयी बोलल्याचं मला आठवत नाही.

त्यात तिला दिवस राहिले. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा नव्हता. व्रतं केली, जव्हारच्या नि बाहेरच्या देवांना नवस बोलून झाले. तिचं लग्न होऊन दोन पावसाळेही गेले नव्हते. तिने लाजत लाजत मला पहिल्यांदा सांगितलं, कारण चाळीत सांगायला दुसरं होतंच कोण. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, तोंडात साखर घातली आणि घरी येऊन दार लावून रडले. अंगाचा नुसता जाळ झाला होता. तिला उबेची भिंत, तिला पाणी वाहणारा नवरा, आणि आता हेही तिलाच. देवाने वाढताना पळी तिच्या पानावरच उपडी केली होती.

तिला सातवा लागला होता तेव्हा ते ग्रहण आलं. सूर्यग्रहण, आणि तेही ऐन हंगामात, गिरणीच्या दारात साखरशेत नि खोडाळ्याकडच्या भाताच्या गाड्या उभ्या असताना. आमच्याकडे पाण्याचा तोटा, त्यामुळे ग्रहणाची एक वेगळीच तयारी असायची. ग्रहणात साठवणीचं पाणी बाटतं, ते सुटल्यावर ओतून द्यावं लागतं. म्हणून शहाण्या बायका वेध लागायच्या आतच जेवढं वापरता येईल तेवढं पाणी वापरून हंडे पालथे घालून ठेवत. ज्यात पाणी ठेवणं भागच आहे त्यात दर्भाची काडी टाकायची. लोणच्यावर, तुपावर, पिठावर सगळीकडे दर्भ. आदल्या दिवसापासून घराघरात हेच.

आमचा शेठ फार भाविक. सकाळी ग्रहण लागायच्या आधी त्याने बायकांना हंडे पालथे घालताना पाहिलं आणि त्याच्या डोक्यात ते शिरलं. बॉयलरात एवढं पाणी साठवलेलं, तेही बाटणार. त्याच्या वाफेवर उकडलेला तांदूळ सोवळ्यातल्या घरांनी घेतला नाही तर काय करायचं? त्याने बॉयलरवाल्याला बोलावलं आणि पाणी काढून टाकायला सांगितलं. हे तिथेच कोट घालून उभे होते, त्यांच्याकडूनच मला पुढे सगळं कळलं.

"शेठ, आत आग हाय," बॉयलरवाला म्हणाला. "आगीवर पानी काडला तर पत्रा उगडा पडंल. आग इझवायची तर दिस जाईल, परत वाफ धरायला दुसरा दिस."

"गाड्या उभ्या आहेत रे."

"मंग असूं द्या. घरून दर्भ आनतो, काचंला बांधतो. समद्यांचं पानी दर्भानं राहतं, याचं बी राहील."

त्याच्या बायकोने दर्भाच्या काड्यांची छोटी पेंढी करून दिली, त्याने ती काचेच्या मुळाशी खोचली. शेठचं समाधान झाल्यासारखं दिसलं. मग बॉयलरवाल्याने आगीवर तूस दाबून ती निजवली, पाणी मध्यावर आहे हे बघून घेतलं आणि ग्रहणस्पर्शाच्या आंघोळीला तळ्यावर गेला. निघण्याआधी बायकोच्या दाराशी थांबून तिला बजावून गेला. गरोदर बाईने ग्रहण पाळायचं असतं. कापायचं नाही, चिरायचं नाही, शिवायचं नाही, खायचं नाही. खिडकीला पडदा लावून, दार लावून, अंधारात सरळ बसून राहायचं. उजेडाची रेघ अंगावर पडली तरी मुलाच्या ओठाला नाहीतर बोटाला खोट येते म्हणतात. तिने आतून कडी घातलेली मला ऐकू आली. मला पाळायला कुणी सांगितलं नव्हतं. मी आपली मोकळी, दारातल्या पायरीवर हातात जपाची माळ घेऊन बसले होते.

उजेड हळूहळू पिवळट, मेल्यासारखा व्हायला लागला. समोरच्या आंब्याखाली सावलीत रोज गोल कवडसे पडायचे, ते त्या दिवशी विळ्यासारखे वाकडे पडले होते. कावळे गप्प झाले. गिरणी बंद, हमाल रस्त्यापलीकडे झाडाखाली डोकी खाली घालून बसलेले. आणि तेवढ्यात माझ्या समोरच्या गटारातून वाफा यायला लागल्या. पाणी वाहायचा आवाजही येत होता.

मी मनात म्हटलं, बघा. सगळं गाव उपाशी बसलंय आणि बाईसाहेबांची ग्रहणातसुद्धा कढत आंघोळ चाललीय. नवरा नळी लावून गेला असणार. माळ ओढता ओढता माझे ओठ देवाचं नाव घेत होते आणि डोकं त्या गटारात होतं. बराच वेळ पाणी वाहत राहिलं. इतकं पाणी एका बाईला कशाला लागतं, असंही माझ्या मनात आलं. त्यापुढे मात्र काही आलं नाही. हेव्याला एकच वाट ठाऊक असते, ती मी तुडवत बसले होते.

घडलं होतं ते असं. दर्भाने शेठचं मन भरलं नव्हतं. बॉयलरवाला तळ्याकडे वळल्यावर तो एकटाच बॉयलरघरात गेला आणि खालची, गाळ सोडायची तोटी त्याने किंचित उघडली; तिचं पाणीही आमच्या दारावरच्या त्याच गटारात जायचं. थोडं सोडावं, म्हणजे निदान टाकलं असं म्हणता येईल, एवढाच त्याचा विचार. मग तोटी फिरवून बंद केली आणि समाधानाने देवघराकडे गेला. पण बॉयलरच्या तळाशी पाण्याचं कीट साठतं, पापुद्र्यासारखं. त्यातलाच एक खडा तोटीत अडकून बसला होता. तोटी बंद झालेली दिसत होती, झाली नव्हती.

बॉयलरवाला ओल्या धोतराने परत आला तेव्हा ग्रहण अजून सुटलं नव्हतं. तो बॉयलरघरात शिरला आणि दुसऱ्याच क्षणी मला त्याचा आवाज ऐकू आला. इतका मोठा आवाज त्याने कधी काढला नव्हता. काचेत पाणी नव्हतं. त्याने खालची चाचणीची तोटी उघडली, तिच्यातून नुसती कोरडी वाफ आली. आवाजाने शेठ धावत आला, त्याने रिकामी काच पाहिली आणि जे कुणीही करेल तेच करायला धावला. पाणी भरायच्या हातपंपाचा दांडा त्याने दोन्ही हातांनी धरला. बॉयलरवाल्याने मालकाच्या छातीवर हात ठेवून त्याला असा ढकलला की तो तुसाच्या ढिगावर जाऊन पडला.

"पान्याला हात लावायचा नाय," तो ओरडला आणि दारात येऊन अंगणाकडे तोंड करून म्हणाला, "सगली बाहेर व्हा. नाल्यापलीकडं जा. भिंतीजवल कुनी थांबू नका."

एवढं बोलून तो पुन्हा आत गेला. फावड्याने राख उचलून आगीवर टाकत असल्याचा आवाज येत राहिला.

शेठ उठून माझ्यादेखत फाटकाबाहेर पळाला. मग ऑफिसचं दार उघडलं आणि आमचे हे बाहेर आले. फाटक त्यांच्या डाव्या हाताला, दहा पावलांवर. आमची चाळ उजव्या हाताला. ते उजवीकडे वळले. ह्यांना धावताना मी आयुष्यात त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. कोट उडत होता, टोपी मागे पडली होती. ते माझ्याकडे येत होते. मी पायरी उतरले. घाबरले होते, पण खरं सांगते, त्या क्षणी मला भीतीपेक्षा सुख जास्त झालं. मी हात पुढे केला.

ते माझ्या शेजारून निघून गेले.

"पळ," एवढंच म्हणाले, तेही माझ्याकडे न बघता.

मी वळून पाहिलं. हे पहिल्या खोलीच्या दारावर दोन्ही मुठींनी मारत होते. आतून ती सांगत होती, "गिरान सुटला नाय अजून. मी नाय उगडनार." तिच्या मागच्या भिंतीपलीकडे काय चाललंय हे तिला कोण सांगणार होतं? हे पुन्हा एकदा ओरडले, मग दोन पावलं मागे सरले आणि दाराला लाथ घातली. ज्या माणसाने घरात कधी फडताळाची कडी नीट केली नाही, त्याने ते दार मोडलं. आत गेले आणि तिला मनगटाला धरून बाहेर घेऊन आले. ती पदराने पोट झाकायला बघत होती, उजेडापासून तोंड फिरवत होती, रडत होती. ह्यांनी चालता चालता अंगातला कोट काढला, तिच्या पोटावरून पुढून गुंडाळला, आणि तिचा हात घट्ट धरून तिला माझ्यासमोरून नाल्याकडे घेऊन गेले.

बरोबर केलं. भिंत तिच्या खोलीची होती, माझ्या नव्हती. ती अवघडलेली होती, मी धडधाकट. आवाज ऐकून तिला काही कळणार नव्हतं, मला कळलं होतं. हे सगळं मला तेव्हाही समजत होतं, आताही समजतं. समजून काय करायचं? लग्न झाल्यापासून ह्यांनी चारचौघांत माझा हात धरला नव्हता. मी पायरीखाली उभी राहिले. पळालेच नाही. म्हटलं, बघू तरी परत येतात का.

तेवढ्यात तो आवाज झाला. आधी एक शीळ, आणि लगेच जमीन हादरवणारा धडाका. बॉयलरघराच्या दारातून आगीचा लोट अंगणात आला. जळतं तूस उडून आंब्यापर्यंत गेलं. आमची कौलं खडखडली, काही खाली आली. सगळीकडे पांढरी वाफ झाली, मला माझे हात दिसेनात. सगळ्यांना वाटलं बॉयलर फुटला.

तो फुटला नव्हता. पुढे मुंबईहून बॉयलर इन्स्पेक्टर आले त्यांनी सांगितलं. आगीच्या डोक्यावर, आतल्या पत्र्यात शिशाची एक खीळ बसवलेली असते. पाण्याखाली आहे तोवर ती शाबूत राहते, पाणी उतरलं की वितळते आणि वरची वाफ खाली आगीवर सोडते. ती वितळली, वाफेने आग दारातून बाहेर फेकली आणि कोंडलेला जोर तेवढ्यावर मोकळा झाला. पंपाचा दांडा दोनदा जरी हलला असता तरी गिरणीचं नि चाळीचं काही उरलं नसतं, असं ते म्हणाले. आतला पत्रा गादीसारखा खाली फुगून आलेला त्यांनी ह्यांना दाखवला.

वाफ विरली तेव्हा बॉयलरवाला स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आला. गुडघ्यांपासून खालची कातडी गेली होती, हात भाजले होते. कुणाकडे न बघता त्याने विचारलं, "ती कुटं हाय?" नाल्यापलीकडून तिने हाक दिली. तेव्हा तो खाली बसला.

हे माझ्याजवळ आले. माझ्या केसांत राख पडली होती.

"तुला पळ म्हटलं होतं ना," ते चिडून म्हणाले.

"मला न्यायला कुणी आलं नाही," मी म्हटलं.

ते तसेच वळले. हमालांनी गाडी जुंपली होती, बॉयलरवाल्याला जव्हारच्या दवाखान्यात न्यायला, तिकडे गेले.

पुढे मी ह्यांच्याशी जेमतेम कामापुरतं बोलत होते. कोट विचारला तर म्हणायची, ज्यांच्या पोटावर घातला त्यांच्याकडे मागा. बॉयलरवाल्याचे हात बांधलेले, तेव्हा दवाखान्यात ती त्याला घास भरवायची. मी डबा घेऊन जायची आणि तेही बघून यायची. भाजलेल्या माणसाच्या तोंडात बायको घास घालते, यात हेवा वाटण्यासारखं काय आहे? मला वाटला. तिला मुलगी झाली. खोडाळ्याहून आणि कुठून कुठून बायका आल्या, सगळ्यांनी आधी मुलीचे ओठ पाहिले, मग बोटं मोजली. ग्रहणात आईला बाहेर काढलं होतं ना. मीही मांडीवर घेऊन नीट पाहिलं. कुठेही खोट नव्हती. ह्यांचा कोट कामी आला, असं सगळ्या म्हणाल्या.

दुसरा हंगाम आला तेव्हा बॉयलर दुरुस्त होऊन, नवी खीळ बसून, पुन्हा पेटला. बॉयलरवाला काठी घेऊन कामावर आला. पण त्याच्या बायकोने ती खोली नको म्हणून सांगितलं. शेठने मधल्या खोल्यांतली पोती हलवून त्यांना एक मोकळी करून दिली. आता पहिली खोली रिकामी. शेठने अंगणात सहज विचारलं, कुणाला हवी आहे का, आणि ह्यांच्या आधी मीच म्हणाले, "आम्हाला द्या."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग शेठला म्हणाले, "नको."

घरी आल्यावर मी साठवलेलं सगळं बाहेर काढलं. तिला ऊब चालते, मला का चालत नाही? तिचं दही लागतं, माझं लागलेलं बघवत नाही का? त्या खोलीत जायला लाथेने दार मोडता येतं, मग राहायला जायला काय झालं? मी खूप बोलले. हे खुंटीशी उभे राहून कोटाची बटणं एकेक काढत होते.

"तिथे बॉयलर आहे," शेवटी म्हणाले.

"ती राहत होती तेव्हा नव्हता?"

"होता. पण ती राहत होती तेव्हा ऑफिसात माझं चित्त ठिकाणावर होतं. माझा आकडा कधी चुकला नाही." कोट खुंटीला लावून, माझ्याकडे पाठ करूनच ते म्हणाले, "तू तिथे राहायला गेलीस तर मला बेरीज करता यायची नाही."

  रात्रभर ते वाक्य मी तोंडात घोळवलं, आणि सकाळी ह्यांना ऑफिसात पाठवून तडक तिच्या दारात गेले. ती मुलीला तेल लावत होती. मी बसले आणि ह्यांचं बोलणं तिला जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

तिचा तेलाचा हात थांबला. नवरा तिच्या आंघोळीचं पाणी तेव्हाही वाहत होता, काठी टेकत, दोन खेपांत अर्धी अर्धी बादली करून.

"वयनी," ती म्हणाली, "माजा घरवाला असा कदी काय बोललाच नाय."

असं म्हणताना तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी चांगलं ओळखत होते.